कुठली पेशी, ते आधी विचारा

ताई, मी बोरिवलीला राहते, सहकारी बँकेत नोकरी करते. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७१ वर्षांचे आहेत. गेली ६ वर्षं त्यांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, दारातून आत येताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गणपतीत आमच्या मंडळाच्या स्टेजवर एक नेते आले होते. म्हणाले, ‘स्टेम सेलचं ज्ञान आपल्याकडे महाभारतापासून आहे, नाहीतर शंभर कौरव झाले कसे? आता आपल्या वॉर्डातच केंद्र काढू. खाटेवरून आलेला माणूस पायांनी घरी जाईल.’ टाळ्या पडल्या. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच. इथल्याच एका क्लिनिकने तीन इंजेक्शनांचे साडेसहा लाख सांगितलेत, त्यातले ५० हजार भरूनही झाले. न्यू जर्सीहून धाकटे दीर अमेरिकन पुढाऱ्यांच्या जुन्या-नव्या क्लिपा पाठवत असतात. एकीत म्हणतात, या लोकांनी संशोधनावर बंदी घातली म्हणून रुग्ण मरतायत. दुसरीत म्हणतात, भ्रूण मारायची गरजच काय, मोठ्या माणसांच्या पेशींनी ढीगभर रोग आधीच बरे होतायत. नणंद माहेरी आली की वेगळंच. तिच्या मते ही भ्रूणहत्या आहे, ‘नावातच मूल आहे, मूलपेशी!’ आणि हे पाप अण्णांच्या माथी नको. रोज जेवताना वाद. मी कॉमर्सची, मला यातलं काही कळत नाही. शनिवारी क्लिनिकची वेळ घेतली आहे. कुणाचं खरं मानू?
गोंधळलेली सून, बोरिवली

प्रिय सूनबाई,

तुमच्या नणंदबाईंपासूनच सुरुवात करते. ‘नावातच मूल आहे’ हे वाचून आधी हसू आलं आणि मग ओशाळले. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, मूलपेशी हा शब्द फळ्यावर शेकडो वेळा लिहिला, पण त्यातलं मूल कुणाला लेकरू वाटेल हे कधी डोक्यातच आलं नाही. ते मूल म्हणजे मूळ. मूलद्रव्यातलं, मूलभूतमधलं. काही पुस्तकांत स्कंदपेशी असतं, ते एका परीने बरं. मी आपलं इथे स्टेम सेलच म्हणते.

तुमच्या घरात चार जणं चार निरनिराळ्या पेशींबद्दल बोलतायत आणि शब्द मात्र एकच वापरतायत. वाद मिटणार कसा?

विरजण डोळ्यांसमोर आणा. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं आणि त्यातलाच चमचाभर उद्यासाठी मागे राहतो. स्टेम सेल अशीच वागते. कामाच्या पेशी तयार करून देते आणि स्वतःही शिल्लक राहते. आपल्या हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताचं विरजण असतं. बुबुळाच्या कडेला डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचं विरजण असतं, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे, डोळे भाजलेल्या लोकांना त्याने दिसू लागलं आहे. पण रक्ताच्या विरजणाने रक्तच लागतं. त्याने मेंदू लागत नाही.

पाच दिवसांच्या भ्रूणातली पेशी म्हणजे अजून विरजण न पडलेलं दूध. त्याचं दही होईल, खवा होईल, पनीर होईल, आणि नीट लक्ष दिलं नाही तर ते नासेलही. नासेल म्हणजे शरीरात गाठ होईल. माणसाच्या भ्रूणातलं हे दूध १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी पहिल्यांदा वेगळं काढून प्रयोगशाळेत टिकवलं. तिथून अमेरिकेतलं राजकारण पेटलं. आणि २००६ मध्ये जपानमधल्या क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून चक्क दह्याचं पुन्हा दूध करून दाखवलं. पुढच्या वर्षी तेच माणसाच्या पेशीत. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं ते पेशीला असं मागे फिरवण्याच्या कामासाठीच.

म्हणून कुणीही ‘स्टेम सेल’ म्हटलं की तोंडातून पहिला प्रश्न निघायला हवा: कुठली पेशी? घोषणा देणाऱ्याला हा प्रश्न अजिबात आवडत नाही, कारण त्याचं वाक्य उभं राहतं ते पेशीचं नाव गाळल्यावरच.

आता दिरांच्या क्लिपा. त्यांना सांगा, यातल्या एका गोष्टीत आपली मुंबई आहे आणि ती त्यांना बहुधा ठाऊक नसेल. ९ ऑगस्ट २००१ च्या रात्री अध्यक्ष जॉर्ज बुश टीव्हीवरून देशाशी बोलले. भ्रूणांपासून आधीच काढलेल्या पेशींवरच्या संशोधनाला केंद्र सरकारचा पैसा मिळेल, नवे भ्रूण मोडून काढलेल्या पेशींवरच्या कामाला मिळणार नाही, असा निर्णय होता. आणि आधीच्या ‘साठाहून जास्त’ लाइन उपलब्ध आहेत, असं त्यांनी सांगितलं. लाइन म्हणजे एका भ्रूणातून काढून बशीत वाढवत ठेवलेला पेशींचा एक वाण. त्याच महिन्याच्या अखेरीस यादी आली. ६४ लाइन आणि त्यांत ७ आपल्या मुंबईच्या, रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या, ३ बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या! इथल्या वर्तमानपत्रांना केवढं भरतं आलं होतं. स्टाफरूममध्ये मीही पेढे वाटायच्या बेतात होते. पुढे मात्र कळलं की संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात पडू शकतील अशा लाइन जेमतेम २१ आहेत. त्यांत मुंबईची एकही नव्हती.

म्हणजे ‘साठाहून जास्त’ हा आकडा खोटा नव्हता आणि खराही नव्हता. भाषणात जागा भरायला तो पुरेसा होता, बस्स.

पण दुसऱ्या बाजूने जी ओरड झाली, ‘संशोधनावर बंदी घातली’, तीही तशीच. बुश यांनी बंदी घातलीच नव्हती. केंद्राच्या तिजोरीवर कुलूप होतं. खासगी पैशावर नव्हतं, राज्यांच्या पैशावरही नव्हतं. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी याच संशोधनासाठी तीन अब्ज डॉलर मंजूर केले, बंदी असती तर केले असते का? ओबामांनी ९ मार्च २००९ रोजी ते कुलूप काढलं. कुलपाने नुकसान झालं, हे मी मान्य करते. तरुण संशोधकांनी त्या विषयात जायचं टाळलं, प्रयोगशाळांना सरकारी आणि बिगरसरकारी पैशांची यंत्रंसुद्धा वेगळी ठेवावी लागली. पण ‘बंदी’ म्हटल्यावर माणूस रागावतो आणि ‘अनुदानाची अट’ म्हटल्यावर जांभई देतो. भाषण लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

दुसऱ्या क्लिपेतले ढीगभर रोग. त्या काळात मोठ्या माणसांच्या पेशींनी उपचार होत असल्याची ६५ आजारांची एक यादी फिरत होती, भ्रूणसंशोधनाच्या विरोधकांच्या तोंडी ती कायम असायची. जुलै २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तिघा अभ्यासकांनी यादी तपासून लिहिलं की सगळ्या चाचण्या पूर्ण होऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळालेले उपचार त्यांतल्या फक्त ९ आजारांवर आहेत. बाकीच्या नोंदींत कुठे एखाद्या रुग्णाची हकिकत, कुठे सुरू असलेली चाचणी. यादीत नाव असणं आणि रोग बरा होणं यांत अंतर किती, तर आपल्या मतदार यादीत नाव असणं आणि निवडून येणं यांत असतं तितकं.

आणि तो खाटेवरून उठून चालत जाणारा माणूस! तो तुमच्या मंडळाच्या स्टेजवर पहिल्यांदा नाही आलेला. १० ऑक्टोबर २००४ ला ख्रिस्तोफर रीव्ह वारले. पडद्यावर सुपरमॅन झालेले हे नट १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले होते आणि या संशोधनासाठी झटत होते. दुसऱ्याच दिवशी उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी आयोवातल्या सभेत सांगून टाकलं की जॉन केरी अध्यक्ष झाले की रीव्हसारखी माणसं चाकांच्या खुर्चीतून उठून चालू लागतील. चार्ल्स क्राउटहॅमर नावाचे स्तंभलेखक यावर कडाडले. ते स्वतः डॉक्टर आणि स्वतःच चाकांच्या खुर्चीतले. खोटी आशा विकण्यासारखं नीच काम नाही, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. पुढच्याच फेब्रुवारीत दक्षिण कोरियाच्या टपाल खात्याने तिकीट काढलं. त्यावर खुर्चीत बसलेली माणसाची आकृती, मग ती उठते, मग उडी मारते, मग कुणाला तरी मिठी मारते. हे तिकीट वू-सुक ह्वांग या स्टेम सेल शास्त्रज्ञाच्या यशाच्या सन्मानार्थ होतं. जानेवारी २००६ मध्ये त्यांचे दोन्ही गाजलेले शोधनिबंध बनावट माहितीमुळे मागे घेतले गेले. तिकीटही मागे घेतलं.

प्रत्यक्षात काय झालं? भ्रूणातल्या स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी मज्जारज्जूला इजा झालेल्या पहिल्या माणसात घातल्या गेल्या ऑक्टोबर २०१० मध्ये, एडवर्ड्स यांच्या सभेनंतर ६ वर्षांनी. तेही त्याला चालतं करण्यासाठी नाही, अपाय होत नाही ना हे पाहण्यासाठी. वर्षभरानंतर कंपनीने पैशांच्या गणितापायी ती चाचणी आवरती घेतली. अल्झायमरबद्दल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले स्टेम सेल संशोधक रॉन मॅके यांनी २००४ मध्येच, अल्झायमर झालेले माजी अध्यक्ष रेगन गेले त्या आठवड्यात, कबूल केलं होतं की या पेशींचा त्या आजारावर उपयोग व्हायची शक्यता कमीच, पण लोकांना परीकथा लागते. मला हा माणूस आवडतो. निदान खरं बोलला.

तुमच्या नेत्यांचं महाभारत मात्र उसनं आहे. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू जी. नागेश्वर राव यांनी कौरवांचा जन्म स्टेम सेल आणि टेस्ट ट्यूबच्या तंत्राने झाला असं सांगितलं होतं. तेव्हापासून ते वाक्य एका माइकवरून दुसऱ्या माइकवर फिरतंय. आदिपर्व मी आवडीने वाचते. गांधारीच्या पोटी आलेला मांसाचा गोळा, त्याचे अंगठ्याएवढे एकशे एक तुकडे, तुपाने भरलेली कुंडं, सगळं सुरेख आहे. पण त्यात एक बारकावा आहे. कुंडं दोन वर्षांनी उघडायची, अशी मुदत व्यासांनी गांधारीला दिली होती. तुमच्या नेत्यांनी वॉर्डातल्या केंद्राची मुदत दिली का?

आता नणंदबाई. त्यांना उडवून लावू नका. हा वाद अमेरिकेतून आला तरी भ्रूणहत्या या शब्दाला आपल्याकडे निराळं वजन आहे. मुली पोटातच मारल्या जात होत्या म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तो शब्द ऐकून बाईच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण इथे बोलणं चाललंय ते गर्भाशयातल्या गर्भाबद्दल नाही. बशीतला ५ दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा गोळा. आकाराने या वाक्याच्या शेवटी आलेल्या टिंबाएवढा. मी एकदा परळच्या एका प्रयोगशाळेत विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो दाखवला, काचेची गोटी आणि तिच्या एका बाजूला आतून चिकटलेला पेशींचा पुंजका. ‘हा पुंजका काढला की लाइन सुरू होते,’ तिथल्या बाई म्हणाल्या. एका मुलीने विचारलं, ‘आणि नाही काढला तर?’ बाई म्हणाल्या, ‘तर हा फ्रीझरमध्येच राहील. आईबापांना मुलं झाली, हे जास्तीचे.’

परळ हे नाव सहज आलेलं नाही. ६ ऑगस्ट १९८६ ला तिथल्याच केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून मुंबईचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने असेच जास्तीचे, दांपत्यांनी संमतीने दिलेले भ्रूण वापरून किंड-१ आणि किंड-२ या दोन लाइन तयार केल्या. २०२१ च्या कायद्याप्रमाणे असे भ्रूण १० वर्षांपर्यंत साठवता येतात, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. आणि प्रयोगशाळेत कुठलाही भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, हा नियम आहे.

एवढं सांगूनही नणंदबाई म्हणाल्या की जीव पहिल्या दिवसापासून असतो, तर तो त्यांचा प्रामाणिक विचार आहे. सूक्ष्मदर्शकातून बघून त्याचं उत्तर मिळत नाही. अशा जास्तीच्या भ्रूणांतल्या पेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या विधेयकावर बुश यांनी जुलै २००६ मध्ये नकाराधिकार वापरला तेव्हा गोठवलेल्या भ्रूणांतून दत्तक जन्मलेली मुलं भोवती उभी केली होती, ही मुलं सुटे भाग नाहीत असं म्हणाले. दृश्य हेलावणारं होतं. फक्त ज्या भ्रूणांवर विधेयक होतं, त्यांना कुणी दत्तक घेणार नव्हतं, ते टाकूनच दिले जाणार होते, हे त्या दृश्यात मावलं नाही. नणंदबाईंना एवढंच सांगा, की अण्णांच्या क्लिनिकमध्ये भ्रूणाचा बहुधा काही संबंधच नाही. तिथे बहुतेक अण्णांच्याच कमरेच्या हाडातल्या, पोटाच्या चरबीतल्या, नाहीतर कुणाच्या तरी नाळेतल्या पेशी टोचतील. पापाची काळजी मिटली. पैशांची आणि जिवाची उरली.

कारण आपल्याकडचं खरं भांडण भ्रूणाशी नाहीच, दुकानाशी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा नावात ‘संशोधन आणि उपचार’ होतं. २०१३ मध्ये नावातून ‘उपचार’ शब्दच काढला. उपचार म्हणून विकू नका, हे त्यांना मुखपृष्ठावरच सांगायचं होतं. २०१७ च्या आवृत्तीचं सार असं, की रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं, तर बाकी सगळं मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करायचं. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, हवी. आणि चाचणीत येणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

हे शेवटचं वाक्य तुमच्या मिस्टरांना दोनदा वाचून दाखवा. साडेसहा लाख मागितले, म्हणजे ती चाचणी नाही. आणि चाचणी नाही, म्हणजे पार्किन्सन्ससाठी ते टोचायला परवानगी नाही. मधला तिसरा रस्ता नाही.

मी शहाणपणा शिकवतेय असं वाटू देऊ नका. २००९ मध्ये माझ्या लेकीच्या बाळंतपणात, प्रसूतिगृहाच्या पॅसेजमध्येच एका कंपनीचा टाय लावलेला मुलगा भेटला. ‘नाळेतलं रक्त साठवा, हा बाळाचा जैविक विमा’ म्हणाला. जावयाच्या डोळ्यांत पाणी, माझ्या हातात पेन. ७० हजार. जीवशास्त्राची बाई मी, थॅलेसेमियाचा तक्ता डोळे मिटून काढणारी, तरी त्या क्षणी सुचलं नाही की आनुवंशिक आजार असेल तर बाळाच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असणार, ते रक्त त्याला काय कामाचं? स्वतःपुरतं साठवून ठेवायला आयसीएमआरही सुचवत नाही. ‘विमा’ या एका शब्दाने माझं तीस वर्षांचं शिक्षण खाल्लं. त्यामुळे तुमच्या मिस्टरांवर रागावू नका.

खरी स्टेम सेल कशी दिसते ते सांगते. माझ्या मामेभावाला मल्टिपल मायलोमा झाला, मज्जेतला कर्करोग. त्याच्याच रक्तातून स्टेम सेल गोळा करून गोठवल्या, मग जबर केमो, आणि मग त्या पेशी परत. आम्हाला वाटलं मोठं ऑपरेशन असेल. नर्सने सलाइनच्या स्टँडला पातळ टोमॅटो सारासारख्या रंगाची एक पिशवी अडकवली, अर्ध्या तासात रिकामी. आणि खोलीभर लसणाचा वास! गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून जे द्रावण घालतात, त्याचा तो वास. माणसाच्या श्वासातून दिवसभर येतो. वहिनी म्हणाली, ‘फोडणी घातल्यासारखं वाटतंय.’ मग तीन आठवडे पांढऱ्या पेशींचे आकडे मोजत बसलो. मज्जारोपण भारतात १९८३ पासून होतंय आणि पहिलं झालं ते आपल्या टाटा मेमोरियलमध्ये. त्यासाठी कुठल्या स्टेजवर टाळ्या पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग अण्णांना काहीच आशा नाही का? आहे, आणि म्हणूनच तिचा पत्ता नीट लिहून घ्या. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी छापून आले. क्योतोतल्या चाचणीत यामानाकांच्या पद्धतीने केलेल्या पेशी होत्या, ७ रुग्ण, वय ५० ते ६९, दोन वर्षं देखरेख. अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत भ्रूणातल्या पेशींपासून बनवलेल्या होत्या, १२ रुग्ण, दीड वर्ष. ज्या दोन पेशींची नावं घेऊन पुढारी एकमेकांवर धावून गेले, त्या एकाच अंकात बसल्या. दोन्हीकडे कवटीला छिद्र पाडून, नेमक्या जागी, डोपामिन बनवण्याच्या वाटेला लावलेल्या पेशी सोडल्या. परक्या पेशी शरीराने हाकलू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली. पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या, गाठी झाल्या नाहीत. क्योतोत ज्या ६ जणांची हालचाल मोजली, त्यांतल्या ४ जणांची औषध न घेतलेल्या वेळेतही सुधारली. सहापैकी चार. तेवढंच.

आता याच्या शेजारी तुमचं क्लिनिक ठेवा. शिरेतून किंवा पाठीच्या मणक्यातून सोडलेली मज्जेची नाहीतर चरबीची पेशी मेंदूच्या त्या कोपऱ्यात पोहोचून डोपामिन कशी बनवणार? मेंदूचं विरजण नाही ते. अपाय तर होणार नाही ना, असं मिस्टर म्हणतील. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या ‘स्टेम सेल’ टोचल्या होत्या. तिघींचीही दृष्टी गेल्यात जमा झाली. २०१७ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पेशी स्वतःच्याच होत्या.

शनिवारी जायचंच असेल तर जा, पण चेकबुक घरी ठेवून. विचारा, कुठली पेशी, कुणाची, कुठे टोचणार, तिथे जाऊन ती काय बनणार. सीटीआरआय क्रमांक लिहून द्या म्हणा. पावतीवर काय लिहिणार तेही विचारा. ‘स्टेम सेल’ हा शब्द पावतीवर येत नसेल आणि ‘रिजनरेटिव्ह पॅकेज’ असं काहीतरी येत असेल, तर का, ते त्यांनाही माहीत आहे. पन्नास हजार लेखी परत मागा. नाहीच मिळाले तर साडेसहा लाखांतले सहा वाचले म्हणा.

त्या पैशांतून फिजिओथेरपीवाला आठवड्यातून तीनदा घरी येईल. दारात पाय चिकटतात ना, तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून बघा, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. गोळी आणि डाळ-दूध एकत्र देता का? प्रथिनांनी ती गोळी नीट लागू पडत नाही, न्यूरॉलॉजिस्टना वेळा विचारून घ्या. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया अण्णांना लागू आहे का, हेही त्यांनाच विचारा. ती मुंबईत होते. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे गट आहेत, तिथे अण्णांच्या वयाची, अण्णांसारखीच माणसं भेटतील.

एक गोष्ट मात्र खटकली. तुमच्या पत्रात नेते काय म्हणाले, दीर, नणंद, मिस्टर काय म्हणाले, सगळं आहे. अण्णा काय म्हणतात ते कुठेच नाही. त्यांना हे सगळं समजावून सांगितलंय का? क्लिनिकला जायचं आहे का त्यांना? कसली हालचाल परत आली तर त्यांना सर्वांत जास्त आवडेल, बटण लावता येणं, की कपातला चहा न सांडणं, की नातवाबरोबर गॅलरीत उभं राहणं?

विचारा, आणि मला कळवा. त्यांनी स्वतःच लिहिलं तर फारच बरं. या आजारात अक्षर बारीक होत जातं, मला माहीत आहे. माझ्याकडे भिंग आहे.